धुरीकाकांची निळी पेटी

धुरीकाका दिवा लावण्याआधी काळोख लावत असत. लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, खिडकीला काळं कापड अडकवलं, दाराखालच्या फटीत गोणपाट सरकवलं आणि म्हणाले, "पाच मिन्टं गप बस. काळोख लागू दे." गॅलरीत कोणीतरी भांडी घासत होतं. थोड्या वेळाने कपाटाच्या मागे उजेडाची एक केसाएवढी रेघ दिसायला लागली. काका उठले, तिथे कापडाचा बोळा कोंबला आणि पुन्हा येऊन बसले. "नुसता दिवा विझवला म्हणजे काळोख होत नाही, बाय. तो पण लावावा लागतो. आता बोल, तुझं काम काय?"

माझं काम बटाट्याचं होतं. परळच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते, तात्पुरत्या नेमणुकीवर, आणि जोडीला पीएचडी करत होते. उजेडाचा रंग बदलला तर बटाट्याच्या झाडाला बटाटे धरण्यात काय फरक पडतो, हा माझा विषय. बटाटा मातीखाली काळोखात फुगतो, पण आता फुगायला लाग, हा निरोप त्याला वरच्या पानांकडून जातो. आणि पानं तो निरोप उजेड बघून पाठवतात. रात्र किती मोठी आहे, उजेड लाल आहे की निळा, हे सगळं ती ओळखतात. लाल उजेडात झाड उंच आणि काटकुळं होत जातं, खाली बटाटे धरायला वेळ लावतं. निळ्यात ते बुटकं राहतं आणि लवकर बटाटे धरतं, असं दुसरीकडच्या लोकांनी पाहिलं होतं. मुंबईच्या हवेत तसंच होतं का, हे मला पाहायचं होतं. त्यासाठी चार सारख्या पेट्या हव्या होत्या. उजेड तेवढाच, फक्त रंग वेगळा.

माझे मार्गदर्शक दीक्षित सर म्हणाले होते, "लालबागच्या धुरींना विचारा. आपल्या गॅदरिंगला लाईट करायचे ते. त्यांना झाडातलं कळत नाही, पण उजेडातलं कळतं."

काकांनी माझं सगळं बोलणं काळोखातच ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे हिरोईन तळघरात बसलीय आणि लाईट पडतोय छपरावर."

"हो."

"आणि तिला आतल्या आत कळतं, वर कुठला रंग आहे ते."

"हो, काका."

"मग चांगली नटी आहे. करू आपण तिचं काम."

दत्ताराम धुरी सत्तरीच्या पुढचे होते. अंगाने बारीक, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. तरुणपणी दिवसा गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात काम आणि संध्याकाळी नाटकांचे लाईट. गिरणी बंद पडली, नाटकं राहिली. कामगारांच्या हौशी नाटकांपासून मोठ्या कंपन्यांच्या दौऱ्यांपर्यंत त्यांनी चाळीस वर्षं उजेड पाडला. माझ्याशी ते मुंबईचं मराठी बोलत, काकींशी मालवणी. आणि मन हललं की माझ्याशीही मालवणी सुरू व्हायचं.

त्यांच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात जिलेटीनच्या रंगीत कागदांच्या गुंडाळ्या, वर्तमानपत्रात बांधून ठेवलेल्या. काका रंगांना त्यांच्या नेहमीच्या नावांनी हाक मारत नसत. एक 'सासूचा लाल' होता, एक 'हॉस्पिटलचा हिरवा', एक 'माहेरचा पिवळा'. "पहाट तीन प्रकारची असते," ते सांगायचे. "भूपाळीची, भांडणानंतरची आणि कोणीतरी गेल्याची. आणि कुठलीही पहाट असो, ती झाली कधी हे बघणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की समज, लाईटवाल्याने घाई केली."

शेजारची खोली त्यांचीच होती. जुने स्पॉट आणि वायरी ठेवायला वापरत. ती त्यांनी मला दिली. सुताराकडून कपाटाएवढ्या चार पेट्या करून आणल्या. प्रत्येक पेटीत वर पांढऱ्या ट्यूब, त्याखाली रंगीत कागद ताणून बसवलेला, मागे हवेसाठी छोटा पंखा. एक पेटी पांढरी, एक लाल, एक हिरवी, एक निळी. समोरच्या गिरणीच्या जागेवर आता काचेचा टॉवर उभा आहे. संध्याकाळ झाली की त्याच्यावरची जाहिरात लाल व्हायची आणि अख्खी गॅलरी लाल दिसायची. काकांनी खिडकीला काळ्या कापडाचे दोन थर लावले. "समोरच्याचा लाल आपल्या बटाट्यात नको," ते म्हणाले.

डिसेंबरच्या सुरुवातीला कुंड्यांत कोंब आलेले बटाटे लावले. मुंबईत बटाट्याला मानवेल अशी हवा दोन-अडीच महिनेच असते, तेवढ्यात सगळं व्हायला हवं होतं.

त्या महिन्यांतल्या दुपारी आठवल्या की त्या मी जगले की झोपेत पाहिल्या, याची आजही खात्री वाटत नाही. शेवटचा तास संपवून मी परळहून चालत यायचे. दार लोटून आत गेले की बाहेरचा रस्ता, बसचे हॉर्न, सगळं दूर जायचं. एकेक पेटी उघडून मी झाडांची उंची मोजायचे. उघडी पेटी समोरच्या भिंतीवर आपला रंग पसरायची आणि भिंत हिरवी व्हायची, मग लाल. काकी चहा घेऊन यायच्या तेव्हा त्यांची कपबशी निळ्या पेटीसमोर क्षणभर थांबायची आणि त्यांचा हात पाण्याखालून पुढे आल्यासारखा वाटायचा. काका कोपऱ्यात स्टुलावर बसून एखाद्या जुन्या प्रयोगातलं चांदणं कसं केलं होतं ते सांगत असत. त्यांचा आवाज हळू होता. सांगता सांगता ते मध्येच गप्प व्हायचे आणि पंख्यांची घरघर तेवढी उरायची. कित्येकदा मी आकडे लिहायला वही उघडायचे आणि तशीच बसून राहायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही कुंड्या उपड्या केल्या. पांढऱ्या पेटीत बटाटे होते, लहानच, पण होते. लाल पेटीत दोन-तीन, गोट्यांएवढे. हिरव्यात नावापुरते. निळी पेटी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. पहिली कुंडी उपडी केली, माती बोटांनी मोकळी केली. पांढरे दोरे होते, ज्यांच्या टोकाला बटाटा धरतो ते. टोकं सरळ होती. दुसऱ्या कुंडीत तसंच, तिसऱ्यातही. सगळ्या कुंड्या झाल्या. निळ्या पेटीत एकही बटाटा नव्हता.

माझी पीएचडीची मुदत पुढच्या वर्षी संपत होती. नोकरी पक्की होणं त्याच्यावर अवलंबून होतं. बटाट्याच्या हंगामाचे माझ्या हाती दोनच हिवाळे होते, त्यातला एक संपला होता. पण त्याहीपेक्षा मला काहीतरी खटकत होतं. निळ्या पेटीतली झाडं लाल पेटीतल्यांसारखीच उंच आणि काटकुळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी घरातली एक जुनी सीडी घेऊन गेले. सीडीवर उजेड तिरका पाडला की त्यातले रंग वेगळे होऊन दिसतात. निळ्या पेटीखाली ती धरली. निळा पट्टा दिसला, आणि त्याच्यापासून दूर, स्पष्ट, एक लाल पट्टा दिसला. कागद निळा नव्हताच. गडद जांभळा होता. झाडांनी तीन महिने त्यातला लाल पाहिला होता, आणि इतक्या गडद कागदातून तोही अपुराच.

खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून मला तो उजेड किंचित जांभळट वाटत होता. पण चाळीस वर्षं ज्याने चांदणं पाडलं त्या माणसाला, "काका, हा निळा नक्की निळा आहे ना," असं मी कोण विचारणार? मी विचारलं नाही.

काका स्टुलावर बसले होते. मी ट्रंकेतून दोन गुंडाळ्या काढल्या, एक निळी, एक जांभळी, आणि दोन्ही त्यांच्यासमोर धरल्या. "काका, यातला निळा कुठला?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोन्ही कागद हातात घेऊन खिडकीशी गेले, कापड बाजूला करून उजेडात धरले. बराच वेळ उभे राहिले.

"माका निळो दिसणा नाय," ते माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले. "तीन वरसां झाली. गडद निळो काय, जांभळो काय, माका सगळो काळोच."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कोणाला सांगू? लाईटवाल्याला रंग दिसत नाही असं कळलं तर कोण बोलावणार?" मग कागद गुंडाळत म्हणाले, "गुंडाळीवरची चिठ्ठी पडली होती. वाटलं, हात ओळखेल. एवढी वर्षं हाताळलेले कागद आहेत."

काकी दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याही हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. मी वही पिशवीत घातली आणि चहा न घेता निघून आले. आठ-दहा दिवस तिकडे फिरकले नाही.

एका दुपारी काकी कॉलेजात आल्या. प्रयोगशाळेच्या दाराशी पदर सावरून उभ्या. "हिरव्या साडीवरचा ब्लाऊज म्हणून निळं कापड घेऊन आले होते हे मागे," त्या म्हणाल्या. "मी हसले. मला वाटलं, मुद्दाम गंमत केली." मग मुद्द्यावर आल्या. "मोतीबिंदू आहे. डॉक्टरला दाखवलं. ऑपरेशन करा म्हणतो, तर हे तयार नाहीत. आता काय बघायचंय, म्हणतात. माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील. तू रागावलीयस ना, म्हणून ऐकतील."

मी त्यांच्याबरोबरच गेले. काका गॅलरीत बसले होते.

"काका, डिसेंबरात मला परत चार पेट्या लावायच्यात. निळा कोण निवडणार?"

"दुसरा कोणीतरी बघ, बाय. हल्ली रंगीत दिवे तयार मिळतात."

"पेट्या त्याच, ट्यूब त्याच, तर माणूसही तोच हवा. नाहीतर प्रयोग सारखा कसा होईल?"

हे काही शास्त्र नव्हतं, हे त्यांनाही कळलं असावं. "बरं," म्हणाले. "पण यावेळी माझ्यावर भरवसा ठेवायचा नाही. तपासायचं."

परळच्या हॉस्पिटलात एकेका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मध्ये महिन्याचं अंतर ठेवून. तो मधला महिना काकांनी एक डोळा झाकून आणि मग दुसरा झाकून जग बघण्यात घालवला. जुन्या डोळ्याला सगळं चहासारखं दिसायचं, नव्याला धुतल्यासारखं. गॅलरीत उभं राहून ते आळीपाळीने तळहात डोळ्यांवर ठेवत. "हो डोळो सकाळचो," ते म्हणायचे, "नि हो डोळो संध्याकाळचो." काकींना म्हणाले, "ही साडी नवी काय गे?" काकी म्हणाल्या, "तुमीच आणलास, चार वर्सांमागे."

दुसरा डोळाही बरा झाल्यावर एका रविवारी त्यांनी मला कफ परेडच्या मच्छीमार नगरात नेलं. कशाला, ते सांगितलं नाही. सकाळची वेळ होती. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, दोऱ्यांवर बोंबील वाळत टाकलेले, बायका टोपल्या उचलून चाललेल्या. तिथल्या बहुतेक होड्या निळ्या रंगवलेल्या होत्या, ताडपत्र्या निळ्या, पाण्याची पिंपंही निळी. काका हळूहळू चालत होते. "हो गडद," ते पुटपुटत होते. "हो आकाशी. हो उन्हान गेललो." एका होडीच्या सावलीत ते थांबले आणि म्हणाले, "सावली पण निळी असते, बाय. मी विसरलोच होतो." समुद्रावर पांढरट धुकं होतं, आणि त्या धुक्यात होड्या पाण्यावर आहेत की हवेत, हे कळत नव्हतं.

मग एका ओंडक्यावर बसून त्यांनी खिशातून फोन काढला. शुभदाताई नावाच्या एका नटीला लावला. त्यांनी लाईट केलेल्या शेवटच्या नाटकात तिने काम केलं होतं. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"शुभदाताई, धुरी बोलतोय. लाईटवाला."

"बोला धुरीकाका. कसे आहात?"

"तुम्ही त्या नाटकात मला म्हणाला होतात, चांदणं फार निळं होतंय, चेहरा मेल्यासारखा दिसतो. मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोललो होतो."

"अहो, किती जुनी गोष्ट."

"तुम्ही बरोबर होतात. मला कमी दिसत होता, म्हणून मी वाढवत गेलो. एवढंच सांगायचं होतं." आणि तिने काही म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला. मी बोंबलांकडे बघत बसले.

दुसऱ्या हिवाळ्यात निळा कागद काकांनी निवडला. मी सीडी धरून तपासला. लाल पट्टा नव्हता. त्यांनी मला दुसऱ्यांदा तपासायला लावलं. निळ्या पेटीतली झाडं या वेळी बुटकी राहिली, पानं गडद आणि जाड. काका रोज सकाळी पेट्यांना फक्त हात लावून जात, उघडत नसत. फेब्रुवारीत पहिली निळी कुंडी मी त्यांनाच उपडी करायला दिली. मातीतून सात बटाटे निघाले. सगळ्यांत मोठा लिंबाएवढा. त्यांनी तो तळहातावर घेतला, माती पुसली, आणि उजेडात धरून बघितला. "काकीला दाखवून येतो."

"दाखवा, पण परत आणा. वजन करायचंय. मग भट्टीत वाळवायचेत."

"वाळवायचे?"

"सुकं वजन लागतं, काका."

"तीन महिने सांभाळायचं आणि शेवटी भट्टीत घालायचं," ते म्हणाले. "तुमचं शास्त्र म्हणजे कठीणच." पण परत आणून दिला. वर्षभर लांबलेला माझा प्रयोग त्या दिवशी मार्गी लागला.

प्रबंध लिहिताना पहिल्या हिवाळ्याच्या निळ्या पेटीचं काय करायचं, हा प्रश्न आला. ते आकडे विचारात घेतलेले नाहीत, एवढं तर लिहायलाच हवं होतं. मी लिहिलं की संशोधकाच्या चुकीमुळे पेटीवर वेगळा कागद लागला. इंग्रजीतलं ते वाक्य मराठीत करून मी काकांना वाचून दाखवलं. ते चिडले. त्यांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

"चूक माझी आहे. माझं नाव लिही."

"काका, तपासायचं काम माझं होतं. मला शंका आली होती, मी विचारलं नाही."

"ती तुझी चूक. ती तू लिही. माझी कशाला घेतेस? चाळीस वर्षं माझं नाव पडद्यावर कधी आलं नाही, जाहिरातीत नाही. पहिल्यांदा कुठेतरी लिहायची वेळ आलीय, तर तू ते खोडतेस?"

मी वाक्य बदललं. कागद श्री. दत्ताराम धुरी यांनी निवडला आणि प्रस्तुत संशोधकाने तो तपासला नाही. दुसऱ्या हिवाळ्याच्या पानावरही लिहिलं की सर्व पेट्यांचे रंग श्री. दत्ताराम धुरी यांनी निवडले. त्यांनी दोन्ही वाक्यं तीनदा वाचून घेतली. "आता बरं," म्हणाले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी ते पहिलं वाक्य काढून टाकायला सुचवलं, त्याने निष्कर्षाला काही फरक पडत नाही म्हणून. मी नाही म्हटलं. दीक्षित सर खाली बघत हसले.

पुढे चाळ पुनर्बांधणीसाठी रिकामी झाली. काका-काकी मालवणजवळच्या आपल्या गावी गेले. जाताना काकांनी स्पॉट आणि ट्रंक परळच्या एका हौशी नाटक मंडळाला देऊन टाकली, प्रत्येक गुंडाळीवर मोठ्या अक्षरांत नवी चिठ्ठी लावून. गावी परसात त्यांनी वाफा करून बटाटे लावले. तिकडे बटाटे कोणी लावत नाही. माणसं बघायला यायची आणि हसायची. "हसू देत," काका फोनवर म्हणायचे. "इथला काळोख एक नंबर आहे, बाय. लावावा लागत नाही." झाडं किती वीत झाली, हे ते दर रविवारी सांगत.

जानेवारीत ते गेले. दुपारी जेवून पडवीत आडवे झाले होते, उठले नाहीत. मला कळलं तोवर सगळं उरकलं होतं.

तीन-चार आठवड्यांनी काकींचा फोन आला. मी कॉलेजच्या व्हरांड्यात होते, तासाला निघालेली.

"बाय, पानं पिवळी पडलीत," त्या म्हणाल्या. "त्यांनी सांगून ठेवलेलं, पानं पिवळी पडली की तुला विचारून काढायचे. काढू?"

"देठ वाकलेत का?"

"वाकलेत."

"मग काढा, काकी. फावडं जरा लांबून घाला, नाहीतर बटाट्याला लागेल."

"फावडं नको. हातानेच काढते. तू आहेस ना?"

"आहे."

त्यांनी फोन चालू ठेवून जमिनीवर ठेवला असावा. माती उकरल्याचा आवाज यायला लागला, मध्येच बांगड्यांचा. मग त्या मोजायला लागल्या, माझ्यासाठी, मोठ्याने. "एक. हा सुपारीएवढा आहे गो. दोन. तीन. हा बरा आहे." माझी मुलं वर्गात जाऊन बसली होती, दाराशी उभी राहून दोघीजणी माझी वाट बघत होत्या. मी त्यांना हाताने आत जायला सांगितलं. सतरापर्यंत मोजल्यावर काकींचा आवाज थांबला. श्वास घेतल्याचा, बसल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं.

"ठेवू नको हां फोन," त्या म्हणाल्या. "अजून आहेत."